‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

संगणकाने ‘नाही’ म्हटले की आपल्याकडे विषय संपतो. माणसाने ‘नाही’ म्हटले तर आपण वाद घालतो, कुणाची तरी ओळख काढतो, साहेबांना भेटतो, निदान उद्या पुन्हा येऊन पाहतो. पण पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ अशी ओळ उमटली, की खिडकीच्या आतला कारकून आणि बाहेरचा माणूस दोघेही एकदम नम्र होतात. यंत्र कशाला खोटे बोलेल? त्याचे कुणाशी वैर नाही, त्याला कुणाचा वशिला नाही. आतला म्हणतो, ‘कॉम्प्युटर नाही म्हणतोय हो,’ आणि बाहेरचा पिशवी सावरत पायऱ्या उतरतो.

यंत्र खोटे बोलत नाही हे खरेच आहे. पण त्याला मराठी येत नाही, हेही तितकेच खरे आहे. आणि ज्याला भाषा येत नाही त्याच्या ‘नाही’वर किती विसंबायचे, हा प्रश्न आता आपण सर्वांनी विचारायची वेळ आली आहे. हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. ग्रंथालयाची पुस्तकयादी, गृहनिर्माण सोसायटीचे सभासद, पतसंस्थेची खाती, शाळेचे जनरल रजिस्टर, दवाखान्यातले केसपेपर, आपल्या घरातली आजोबांची पत्रे, असे सगळे हळूहळू कपाटातून संगणकात गेले आहे. कपाटात असताना ते हाताने शोधता येत होते. आता ते एका लहानशा चौकटीत शब्द टाकून शोधावे लागते. त्या चौकटीला सगळे ‘सर्च’ म्हणतात. ही चौकट म्हणजे आपल्या कपाटाची किल्ली आहे, आणि ती किल्ली इंग्रजी कुलपासाठी घडवलेली आहे.

गेली काही वर्षे मी लहान ग्रंथालयांना आणि संस्थांना अशा नोंदी संगणकावर लावून देण्याचे काम करतो. मोठी यंत्रणा नाही, इंटरनेटचा भरवसा नाही, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून सगळे एकाच टेबलावरच्या संगणकात बसवायचे असते. यासाठी जगभरात एक साधने-पेटी वापरली जाते. तिचे नाव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली ती लिहिली, आणि कोणीही, कशासाठीही, फुकट वापरावी म्हणून मोकळी सोडली. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येसुद्धा ती आहे. तिच्याच पोटात एक शोधयंत्र आहे. दुसरे एक प्रसिद्ध शोधयंत्र म्हणजे ल्यूसीन. ते डग कटिंग यांनी १९९९ च्या सुमारास लिहिले. ल्यूसीन हे त्यांच्या पत्नीचे मधले नाव. म्हणजे या निर्जीव वाटणाऱ्या गोष्टींतही घरगुती माया आहेच. फक्त ती आपल्या घरची नाही.

ही शोधयंत्रे काम कशी करतात, हे समजायला अवघड नाही. चांगल्या ग्रंथाच्या शेवटी सूची असते. ‘पानिपत’ हा शब्द काढा, पुढे पृष्ठांचे आकडे असतात. आपण सबंध ग्रंथ चाळत नाही, सूची पाहून थेट त्या पानावर जातो. शोधयंत्र हेच करते. नोंदी भरल्या जात असताना ते गुपचूप प्रत्येक शब्दाची सूची बनवत जाते, आणि आपण विचारले की मूळ नोंदी न चाळता सूची पाहून उत्तर देते. म्हणूनच लाखभर नोंदींतून उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येते.

पण सूची करायची तर आधी ठरवावे लागते, की शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. ग्रंथाची सूची करणारा माणूस हे न ठरवताच जाणतो. यंत्राला ते सांगावे लागते. या कामासाठी यंत्रात एक वेगळा भाग असतो. त्याला टोकनायझर म्हणतात. आपण त्याला ‘तोडणारा’ म्हणू. वाक्य घ्यायचे आणि शब्दाशब्दांवर तोडायचे, एवढेच त्याचे काम. सगळी मेख इथे आहे.

एसक्यूलाइटमधला नेहमीचा तोडणारा असा विचार करतो: अक्षरे आणि अंक म्हणजे शब्दाचा भाग, बाकी जे काही मध्ये येईल ते कुंपण. इंग्रजीला हे पुरते. पण जागतिक संकेतप्रणालीत, म्हणजे युनिकोडमध्ये, आपला ‘क’ हे अक्षर आहे आणि त्याला लागणारा काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, इतकेच काय पाय मोडण्याची खूणसुद्धा, या सगळ्यांचा वर्ग ‘चिन्ह’ असा वेगळा आहे. तोडणाऱ्याच्या लेखी चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, म्हणजेच कुंपण. मग तो काय करतो? ‘वारी’ हा शब्द दिसला, की काना हे कुंपण, वेलांटी हेही कुंपण. उरले ‘व’ आणि ‘र’. एवढेच तो सूचीत लिहितो. ‘वीर’ मधूनही व आणि र उरतात. ‘वैरी’ मधूनही तेच. ‘वेरूळ’ मध्ये त्यांच्या मागे एक ळ येतो, इतकेच. परिणाम असा, की भाविकाने ग्रंथालयात ‘वारी’ शोधावी आणि यंत्राने त्याच्यापुढे वारीबरोबर वीर, वैरी आणि वेरूळची लेणी आणून ठेवावीत. ‘काका’ शोधले तर ‘केक’ हजर. ‘मामा’ आणि ‘मामी’ तर त्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती!

हसण्यावारी नेण्यासारखे आहे, पण यातले दुःख असे, की हा दोष दूर करायला एक ओळ पुरते. तोडणाऱ्याला बसवतानाच सांगायचे, की बाबा रे, ही चिन्हेही शब्दाचाच भाग समज. तशी सोय त्या साधनातच दिलेली आहे. ती वापरायची की नाही, हे ते यंत्र बसवणाऱ्याने ठरवायचे असते. ज्याने आपले काम इंग्रजी नोंदींवर तपासून पाहिले, त्याला ही ओळ लिहायची गरजच कधी भासली नाही. त्याच्या यंत्रात काही बिघडलेले नव्हते. फक्त आपण त्याच्या हिशेबात नव्हतो.

काही जण यावर दुसरा उपाय करतात. शब्द तोडायचेच नाहीत, तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून सूची करायची. तशीही सोय आहे, आणि लांब शब्दांना ती बरी चालते. पण तीनपेक्षा कमी अक्षरांचा शब्द त्या सूचीत बसतच नाही. मराठीत दोन अक्षरांचे शब्द कोणते? घर. ऊस. नख. आणि आई. त्या यंत्रात तुम्ही ‘आई’ असा शब्द टाका. उत्तर येईल, ‘सापडली नाही’. ज्या भाषेत आईच सापडत नाही, त्या भाषेसाठी हा उपाय कसा चालावा?

समजा, चिन्हांची ओळ लिहिली आणि शब्द नीट तुटू लागले. मग खरी मराठी सुरू होते. शोधणारा ‘घर’ असे लिहितो. नोंदीत असते ‘घरात’, ‘घराला’, ‘घरांसाठी’, ‘घरासमोरच्या’. यंत्राच्या दृष्टीने हे चार वेगळे शब्द आहेत आणि ‘घर’ हा पाचवा. हिंदीत ही अडचण बरीच कमी आहे, कारण ‘घर में’, ‘घर के सामने’ असे शब्द सुटे लिहिण्याची तिथे रीत आहे. ‘घर’ बाजूला स्वच्छ उभे राहते. आपण मात्र प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटवून लिहितो. शब्दयोगी हे नावच सांगते, की शब्दाशी योग पावणारे. तेव्हा ‘देवनागरी चालते ना, मग मराठी चालणारच’ असे जे सरसकट समजले जाते ते बरोबर नाही. लिपी एक असली तरी शब्दांची ठेवण एक नाही. ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी आणि बंगालीसाठी तयार व्यवस्था आहे, इतर काही भारतीय भाषांसाठीही आहे. मराठीसाठी तशी तयार व्यवस्था मला त्यात मिळाली नाही.

इंग्रजीत ही सोय फार पूर्वी झाली. मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली इंग्रजी शब्दांची शेपटे कापून मूळ शब्दापर्यंत जाण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती आज असंख्य शोधयंत्रांत आहे. एसक्यूलाइटमध्येही ती पोर्टर यांच्याच नावाने बसलेली आहे. मराठीत शेपूट कापून भागत नाही, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्द स्वतःच रूप बदलतो. शाळेत आपण ‘सामान्यरूप’ शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो, ते हेच. आंबा, पण आंब्याचा. पाणी, पण पाण्यात. मीठ, पण मिठाला; वेलांटी दीर्घाची ऱ्हस्व होते. कोल्हापूर, पण कोल्हापुरात. इथे उकार ऱ्हस्व होतो. कापूस, पण कापसाचा. इथे उकार चक्क नाहीसा होतो. शोधणाऱ्याने ‘कोल्हापूर’ लिहिले आणि नोंदीत ‘कोल्हापुरातील जुनी घराणी’ असेल, तर दोन शब्द सातव्या खुणेपर्यंत हातात हात घालून चालतात आणि उकारापाशी वेगळे होतात. यंत्र म्हणते, ‘सापडले नाही.’

याहून अवघड प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘साताऱ्याला’ हा शब्द घ्या. यातला जो अर्धा र आहे, ज्याला संगणकवाले पापणीसारखा र म्हणतात, तो दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. एका रीतीत त्याच्यासाठी वेगळा ऱ आहे; दुसऱ्या रीतीत साधा र, पाय मोडायची खूण आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. किंबहुना त्या अदृश्य खुणेपाशी ते शब्दाचे दोन तुकडेही पाडते. ‘ऑफिस’चेही तसेच. कुणी ऑ एका खुणेत लिहितो, कुणी आ लिहून वर अर्धचंद्र ठेवतो. ‘ॲ’ तर तीन प्रकारांनी लिहिला जातो. उलट मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे दिसतात, तरी संगणकात त्यांची खूण एकच असते. म्हणजे जे वेगळे दिसते ते आतून एक, आणि जे एक दिसते ते आतून वेगळे. वेदान्तातल्यासारखे हे प्रकरण आहे. फक्त इथे गुरू नाही.

त्यात आपले शुद्धलेखन मध्येच बदलले. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. पण त्यापूर्वीच्या पुस्तकांची शीर्षके, दस्तऐवज, वडिलांची पत्रे यांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आतां’ तसेच आहेत, आणि ते बदलायचा आपल्याला अधिकारही नाही. शिवाय युनिकोड रुळण्यापूर्वी ज्या नोंदी निरनिराळ्या जुन्या फाँटांत टंकल्या गेल्या, त्यांची तर वेगळीच कथा. तिथे अक्षर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय कोणतेही शोधयंत्र त्यात काही शोधू शकत नाही. कित्येक संस्थांनी मोठ्या कष्टाने केलेले टंकन आज असे मुके होऊन पडले आहे.

कुणी म्हणेल, एवढा खल कशासाठी? एखादे पुस्तक नाही सापडले तर काय आभाळ कोसळते? पुस्तकापासूनच सुरुवात करू. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असे त्यांतले तीन. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. गावोगाव ग्रंथालये उभी राहिली, आणि त्यांतले पुस्तक शेवटी एका उकारापायी वाचकापासून लपून राहिले, तर या सगळ्याचा उपयोग काय? जुना ग्रंथपाल ‘ते निळ्या कव्हराचे, साताऱ्याच्या इतिहासाचे’ एवढ्यावर पुस्तक काढून देत असे. तो निवृत्त झाला. त्याच्या जागी चौकट आली. चौकटीला निळा रंग कळत नाही याचा राग नाही. पण सातारा तरी कळावा.

आणि गोष्ट पुस्तकापाशी थांबत नाही. आमच्या शेजारच्या एक काकू, वय सत्तरीच्या पुढे, यजमान गेल्यावर त्यांची जुनी ठेव सोडवायला एका पतसंस्थेत गेल्या. हातात पावती होती. कारकुनाने पावतीवरचे नाव टंकले आणि सांगितले, की या नावाचे खाते नाही. पावती जुनी असेल, पैसे तेव्हाच उचलले असतील, असा तर्कही त्याने ऐकवला. काकू घरी येऊन दोन दिवस काही बोलल्या नाहीत. आपल्या माणसाने आपल्याला न सांगता पैसे काढले असतील का, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला याचेच त्यांना अधिक वाईट वाटले. पुढच्या आठवड्यात मी सोबत गेलो. जुनी वही मागितली. दहा मिनिटांत खाते निघाले. संगणकात नाव होते. फक्त वेलांटी ऱ्हस्व होती आणि पावतीवर दीर्घ. पैसे मिळाले. पण मेलेल्या माणसावर दोन दिवस जो संशय आला, त्याची भरपाई कुठल्या व्याजात बसते?

त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याने जे पडद्यावर दिसले ते सांगितले. दोष असलाच तर त्या समजुतीचा आहे, की शोधयंत्र ही बाजारातून आणून भिंतीला लावायची वस्तू आहे, पंख्यासारखी. ती तशी नाही. ती शिकवावी लागते. पंखा कोणत्याही प्रांतात सारखाच फिरतो. शोधयंत्र ज्या भाषेत वापरायचे, त्या भाषेचे व्याकरण त्याला द्यावे लागते.

द्यायचे म्हणजे काय करायचे, तेही थोडक्यात सांगतो, कारण ‘फार अवघड आहे’ ही सबब नेहमी पुढे केली जाते. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. ती जशी लिहिली तशीच राहील, तशीच दिसेल. तिच्या शेजारी शोधापुरती एक दुसरी प्रत यंत्राने स्वतः करायची. त्या प्रतीत ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे. अदृश्य खुणा गाळायच्या. ऱ, ॲ, ऑ यांची अनेक रूपे एका रूपात आणायची. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार सोडून द्यायचा. मधल्याला मात्र हात लावायचा नाही, नाहीतर ‘अंग’ आणि ‘अग’ एक होतील. ‘कांहीं’सारख्या शब्दांची एक छोटी यादी वेगळी ठेवायची. मग ने, ला, चा-ची-चे, त, हून, साठी, समोर ही शेपटे काढायची आणि शेवटचा स्वर, त्याआधीचा य आलेला असल्यास तोही, उतरवायचा. ‘साताऱ्याला’ आणि ‘सातारा’ दोन्ही मग ‘सातार’पाशी येऊन भेटतात. ‘पाण्यात’ आणि ‘पाणी’ दोन्ही ‘पाण’पाशी. कापूस-कापसाला, लाकूड-लाकडाला अशांसाठी एक लहान तक्ता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी चाळणी साठवताना लावली तीच शोधताना लावायची. पीठ एका चाळणीने चाळायचे आणि रवा दुसरीने मोजायचा, असे केले तर हिशेब कधीच जुळणार नाही.

यातही धोके आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. आंधळेपणाने ‘त’ कापत गेलो तर ‘हात’चा ‘हा’ होतो आणि ‘भात’चा ‘भा’. ‘ला’ कापला तर ‘कला’चा एक ‘क’ उरतो. म्हणून शब्द मुळातच तोकडा असेल तर कात्री चालवायची नाही, असा नियम लागतो. ऱ्हस्व-दीर्घ एक केले तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक जातो. दिवस शोधणाऱ्यापुढे गरीब येऊन उभा राहतो. यावरही उपाय आहे. दोन सूच्या ठेवायच्या, एक काटेकोर आणि एक सैल. जे तंतोतंत जुळेल ते वर दाखवायचे, जे सैलपणे जुळेल ते खाली. नको असलेली चार उत्तरे खाली दिसली तर माणूस ती डोळ्यांनी ओलांडतो. पण हवे असलेले एक उत्तर दिसलेच नाही, तर ते आहे हेसुद्धा त्याला कळत नाही. या दोन चुकांचे वजन सारखे नाही. मराठीसाठी शोधयंत्र बसवताना दुसरी चूक टाळण्याकडे कल ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता काही जण म्हणतील, हे कशाला हवे, कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, ती सगळे समजून घेईल. ती बरेच समजते, हे मान्य. पण तालुक्याच्या ग्रंथालयातला दहा वर्षांपूर्वीचा संगणक ती पेलणार नाही, आणि पतसंस्थेने आपल्या खातेदारांची नावे बाहेर कुठेतरी पाठवून शोधावीत, हे बरे नव्हे. शिवाय खाते आहे की नाही, या प्रश्नाला अंदाजाने दिलेले गोड उत्तर चालत नाही. तपासून पाहता येईल असे उत्तर लागते. आणि त्या बुद्धिमान यंत्रांच्या दारातही एक तोडणारा बसलेलाच असतो, हेही लक्षात ठेवावे. तिथेही देवनागरीचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा अधिकच पडतात.

खरे तर या कामासाठी लागणारी विद्या आपल्याकडे फार दिवसांपासून आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरणाचा तो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. कोणत्या शब्दाचे सामान्यरूप कसे होते, याचे नियम आपल्या व्याकरणकारांनी बारकाईने मांडून ठेवले आहेत. शोधयंत्राला नेमके तेच हवे आहे. एका बाजूला विद्यापीठांच्या मराठी विभागांत ‘आता या शिक्षणाचा उपयोग काय’ म्हणून विद्यार्थी खिन्न बसले आहेत, आणि दुसऱ्या बाजूला संगणकवाले सामान्यरूपापाशी अडून बसले आहेत. या दोघांची गाठ कुणी घालून द्यायची? प्रत्ययांचे, अपवादांचे, जुन्या-नव्या लेखनाचे तक्ते एकदा नीट तयार करून सर्वांसाठी मोकळे ठेवले, एसक्यूलाइटसारखे, तर प्रत्येक गावातल्या प्रत्येक संगणकवाल्याला तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, भाषणे झाली, ते योग्यच झाले. पण अभिजात भाषेतला ‘घरात’ हा शब्द ‘घर’ शोधल्यावर सापडावा, ही फार मोठी मागणी आहे असे मला वाटत नाही.

तोवर आपण वाचकांनी काय करावे? एक सोपी परीक्षा आहे. आपल्या ग्रंथालयात, सोसायटीत, घरच्या संगणकावर जिथे मराठी नोंदी असतील, तिथे पाच-सहा शब्द टाकून पाहावेत. ‘आई’ सापडते का? ‘वारी’ विचारल्यावर ‘वीर’ तर येत नाही ना? ‘कोल्हापूर’ लिहिल्यावर ‘कोल्हापुरात’ दिसते का? ‘सातारा’ लिहिल्यावर ‘साताऱ्याला’? मीठ-मिठाचे? दिव्यावर दिवा आणि तारखेवर तारीख असे नवे सॉफ्टवेअर घेताना समित्या रंग पाहतात, किंमत पाहतात, छपाईची सोय पाहतात. या परीक्षेचे गुण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, एवढे ठरावात लिहिले तरी पुष्कळ बदल होईल. विकणाऱ्याला जे गिऱ्हाईक विचारत नाही, ते तो करत नाही. यात त्याचेही काही चुकत नाही.

आणखी एक बदल आजच करता येईल, त्याला व्याकरणही लागत नाही. पडद्यावरची ती ओळ बदलावी. ‘नोंद नाही’ असे यंत्राने म्हणू नये, कारण ते त्याला माहीत नसते. ‘या शब्दाने नोंद सापडली नाही, दुसऱ्या प्रकारे लिहून पाहा, जुनी वही पाहा,’ असे म्हणावे. एवढ्या एका वाक्याने खिडकीच्या आतल्या माणसाला पुन्हा उठून कपाटापर्यंत जाण्याचे कारण मिळेल, आणि बाहेरच्याला थोडा वेळ थांबण्याचे. यंत्राला मराठी शिकवायला काही वर्षे लागतील. त्याला थोडी नम्रता मात्र आज दुपारीच शिकवता येईल.